छपरावरून खोलीत : दूरचित्रवाणीच्या तारेचा घरगुती इतिहास

दूरचित्रवाणीचा इतिहास आजवर ज्यांनी लिहिला, त्यांनी तो केंद्राच्या बाजूने लिहिला. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी केंद्र उभे राहिले, १९८२ साली पडद्यावर रंग आले, हे सर्व आपण वाचलेले असते. परंतु मनोऱ्यावरून निघालेली लहर घराच्या छपरावर उतरल्यानंतर तिचे पुढे काय होते? ती कोणत्या भिंतीतून आत शिरते, बैठकीच्या खोलीतच थांबते की माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरापर्यंत जाते, याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही. प्रवासाचे हे शेवटचे वीस-पंचवीस मीटर घरमालकाच्या मालकीचे. कुटुंब पडद्यापुढे एकत्र बसले की खोल्याखोल्यांत पांगले, याचा दोष आपण कार्यक्रमांना देतो. माझे मत असे की त्याचा निर्णय बऱ्याच अंशी या वीस-पंचवीस मीटरांत झाला, आणि तेथे निसर्गाचे व बाजाराचे जे नियम चालले ते समजून घेतल्याशिवाय तो इतिहास उलगडत नाही.

हा विषय पाहण्यासाठी रोहा तालुक्यातील धाटाव हे गाव मला सोयीचे वाटते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी घेऊन कुंडलिका कोलाडवरून खाली येते, धाटाव व रोह्याच्या कडेने वळते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. याच खोऱ्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत झाली, रासायनिक कारखाने आले आणि भातशेतीच्या शेजारी तीन पाळ्यांचे जीवन सुरू झाले. कारखान्याच्या भोंग्याबरोबर बाहेरगावची माणसे आली. त्यांच्याबरोबर पगार आला आणि पगाराबरोबर टीव्ही. गाव मात्र जेथे होते तेथेच राहिले. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, उत्तरेस अवचितगडाची रांग आणि मध्ये नदीचा सखल पट्टा. पाण्याच्या दृष्टीने ही जागा भाग्यवान. लहरींच्या दृष्टीने मात्र तशी म्हणता येणार नाही.

नकाशा पुढे घेऊन पाहावे. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा धाटावपासून सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटरांवर, उत्तर-वायव्येस. पुण्याच्या बाजूला सिंहगडावरील सहक्षेपण केंद्र १९७३ पासून चालू झाले. तेही येथून सरळ रेषेत जवळपास तितकेच दूर, पण पूर्वेस. म्हणजे गाव दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये, आणि तरीही अंधारात! सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच खरा, परंतु त्याच्या आणि कुंडलिकेच्या मध्ये घाटमाथा आडवा पडतो आणि त्याची सावली थेट खोऱ्यावर येते. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. पृथ्वीचा गोलावा हिशेबात धरला तर एवढ्या उंचीवरची लहर, समोर काही आडवे नसेल तर, दहा मीटर उंचीच्या अँटेनापर्यंत ८० किलोमीटरांहून थोडी अधिक पोहोचते. कागदावर धाटाव त्या वर्तुळाच्या आत येते. पण कागदावर अवचितगड नसतो. सुदैवाने मुंबईचे पहिले केंद्र ज्या चार क्रमांकाच्या वाहिनीवर होते तिची लहर जवळजवळ पाच मीटर लांब होती, आणि लांब लहरींचा एक गुण असा की त्या डोंगराच्या माथ्यावरून थोड्याशा वाकून पलीकडे उतरतात. जे उतरे ते क्षीण असे, परंतु अगदीच नाहीसे होत नसे. डोंगराआडच्या माणसाला तेवढी आशा पुरेशी होती.

या आशेचे दृश्य रूप म्हणजे छपरावरचा अँटेना. त्याच्या आडव्या नळीची लांबी लहरीच्या निम्मी, म्हणजे सव्वादोन मीटरांहून अधिक. मागे एक परावर्तक, पुढे काही आखूड नळ्या. कावळ्यांनी त्यावर बसावे, वादळाने तो फिरवावा आणि मग घरातील कर्त्या पुरुषाने कौलांवर चढून तो पुन्हा जागेवर आणावा. एक माणूस वर, एक अंगणात, एक पडद्यासमोर, आणि "आलं का?", "गेलं!", "होतं तिथंच ठेवा!" असा संवाद, चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक वाचकांना तो पाठ असेल. तेथून खिडकीतून आत येई ती चपटी, दोन तारांची पट्टी. ही पट्टी स्वस्त होती, पण मोठी हळवी. लोखंडी नळाला किंवा ओल्या भिंतीला चिकटली की चित्र फिके पडे. पुढे गोल, जाळीदार वेष्टनाची केबल आली. ती अशा स्पर्शांना दाद देत नसे. दूरच्या गावात याशिवाय बूस्टर लागे, आणि तो नेमका चुकीच्या ठिकाणी बसवण्याची आपल्याकडे परंपराच होती. हाताशी सोयीचा म्हणून लोक तो टीव्हीमागे ठेवीत. वास्तविक तो वर, अँटेनाजवळ हवा. तार उतरताना लहर वाटेत अधिकच क्षीण होते. खाली आल्यावर बूस्टर चित्राबरोबर खरखरही तितक्याच इमानाने वाढवतो. मग पडद्यावर मोठ्या, ठळक मुंग्या दिसत आणि दोष मुंबई केंद्राला मिळे.

मुंग्यांपेक्षा डोंगराळ भागातील खरे दुखणे होते ते पडद्यावरच्या सावल्यांचे. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या उजव्या बाजूस तिचीच फिकट प्रतिकृती उभी राही. एक लहर थेट येते, दुसरी बाजूच्या डोंगरावर आपटून उशिरा येते. वाट ३०० मीटर लांब पडली की एक सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा उशीर होतो, आणि वीस इंची पडद्यावर तेवढ्यात चित्र साधारण पाऊण सेंटिमीटर उजवीकडे सरकलेले असते. सावली किती सरकली हे पट्टीने मोजून कोणता डोंगर दोषी हे सांगता यावे, इतके हे गणित सरळ आहे. अशीच सावली घरातल्या घरातही निर्माण करता येई. दुसऱ्या खोलीत टीव्ही हवा म्हणून कोणी तार सोलून तिला दुसरी तार पिळून जोडली की लहर त्या जोडावर ठेचकाळे, काही अंश मागे परते आणि पुन्हा पुढे येई. वाटणी करायची तर त्यासाठी योग्य वाटप-डबी लागते. नुसत्या पिळाने ती होत नाही. हे इलेक्ट्रिशियनला माहीत असे. घरमालकाला डबीचे पैसे वाचवायचे असत.

डोंगराआडच्या गावांनी या अडचणीवर सामुदायिक उपाय शोधल्याची उदाहरणे जगात आहेत. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात अॅस्टोरिया नावाचे एक छोटे बंदर आहे. सिअॅटल शहरातील केंद्र तेथून सुमारे २०० किलोमीटर दूर, आणि मध्ये टेकड्या. १९४८ साली एड पार्सन्स या रेडिओ व्यावसायिकाने एका हॉटेलच्या गच्चीवर अँटेना उभारला आणि तेथून तार ओढून आपल्या घरात चित्र आणले. लवकरच घर पाहुण्यांनी भरून गेले, तेव्हा त्याने तीच तार पुढे शेजाऱ्यांकडे नेली. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ कोळसा-गावांतही असेच प्रयोग झाले. केबल टीव्ही या गोष्टीचा जन्म असा डोंगराच्या सावलीत झाला आहे. म्हणजे केबल ही मूळची धाटावसारख्या गावांची गरज. आपल्याकडे मात्र ती मुंबईच्या उंच इमारतींत जन्मली, आणि तीही वेगळ्याच कारणाने. त्याकडे पुढे येऊ.

पहिल्या काळात घरातील वाटपाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. एक वाहिनी, एक संच, एक खोली. टीव्हीसाठी रेडिओप्रमाणेच परवाना लागे, तो पोस्टातून काढावा लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यास संपली. संच लाकडी दारांच्या पेटीत बंद असे आणि त्यावर विणलेला रुमाल असे. आळीत एखाद्याच घरी टीव्ही असल्याने वाटणी व्हायची ती माणसांची. जोत्यावर मुले, दारात बायका, खुर्चीवर वडीलधारे. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा तर रविवारी सकाळच्या मिस्साच्या वेळा आणि प्रक्षेपणाची वेळ यांचा मेळ घालणे ही अनेक धर्मग्रामांत गंभीर बाब झाली होती! आपल्याच समाजाचे उदाहरण द्यायचे तर, डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे जागतिक पवित्र मिस्सा परिषदेसाठी मुंबईत आले तेव्हा शहरात दूरचित्रवाणी केंद्रच नव्हते. ज्यांनी त्यांना पाहिले त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. बाकीच्यांनी वर्तमानपत्रातील छायाचित्रावर समाधान मानले. १३ सप्टेंबर १९९७ रोजी मदर तेरेसा यांचा अंत्यविधी मात्र देशाने घरात बसून पाहिला. या दोन तारखांच्या मध्ये जे घडले ते डोंगरावरून आले नाही, आकाशातून आले.

डोंगराला वळसा घालण्याऐवजी त्याच्या वरूनच पाहावे, ही कल्पना इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये एका तांत्रिक मासिकात मांडली होती. विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरेल आणि म्हणून खालून पाहणाऱ्यास स्थिर दिसेल, हे तिचे सार. आपल्या देशाने या कल्पनेचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात केला. अमेरिकेकडून वर्षभर वापरावयास मिळालेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत, तारेच्या जाळीच्या तीनेक मीटर व्यासाच्या थाळ्या लावून, थेट चित्र उतरवण्यात आले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गंमत अशी की क्लार्क तेव्हा कोलंबोत राहत होते, आणि भारतीय अभियंत्यांनी तशीच एक थाळी त्यांच्या घरी बसवून दिली. खेड्यांतील संच सार्वजनिक होते. चावडीवर किंवा शाळेत सारा गाव एका पडद्यापुढे बसे. उपग्रह दूरचित्रवाणीचे पहिले भारतीय रूप सामुदायिक होते, हे पुढील काळाकडे पाहताना ध्यानात ठेवले पाहिजे.

३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ब अंतराळात गेला आणि १९८४ पासून लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर झपाट्याने उभी राहू लागली. उपग्रहावरून कार्यक्रम उचलायचा आणि आसपासच्या दहा-वीस किलोमीटरांत पुन्हा पसरायचा, ही पद्धत. हा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर होता. रोहा ७३ अंशांच्या किंचित पुढे. म्हणजे तो आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेस आणि बराचसा डोक्यावर, क्षितिजापासून ६५ अंशांहूनही उंच. तेथून पाहणाऱ्याला अवचितगड आणि सह्याद्री हे जमिनीवरील उंचवटे. कुंडलिकेचे खोरे आणि मलबार हिल यांत त्याच्या लेखी भेद नाही. शहराने वर्षानुवर्षे भोगलेला विशेषाधिकार आकाशाने एका झटक्यात काढून घेतला. उपग्रहाने काय काय बिघडवले याविषयी आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले आहे. त्याने डोंगराआडच्या गावाला शहराच्या बरोबरीने बसवले, याविषयी फारसे बोलले गेलेले नाही.

आता मुंबईच्या इमारतींकडे वळू. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आले. यंत्र महाग, म्हणून भाड्याने आणून रात्रभरात तीन चित्रपट संपवण्याची प्रथा पडली. या यंत्रातून निघणारे चित्र टीव्हीला एका रिकाम्या वाहिनीवर मिळत असे, म्हणजे यंत्र हेच एक इवलेसे प्रक्षेपण केंद्र होते. कोणाच्या तरी लक्षात आले की त्याची तार टीव्हीपाशीच थांबण्याचे कारण नाही. ती जिन्यातून खालच्या मजल्यावरही जाऊ शकते. एक यंत्र, एक माणूस, इमारतीभर तारा आणि महिन्याची वर्गणी, एवढ्या भांडवलावर केबलवाला हा नवा व्यावसायिक उदयास आला. त्यासाठी कायदा नव्हता, परवाना नव्हता. पण गच्चीवरून गच्चीवर तारा गेल्याच.

जानेवारी १९९१ मधील आखाती युद्धाने या तारांना नवा माल पुरवला. परदेशी वाहिनीवर युद्ध थेट दिसू लागले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. हे कार्यक्रम ज्या एशियासॅट-१ वरून येत तो १०५.५ अंशांवर, म्हणजे आपल्या पूर्व-आग्नेयेस होता, आणि त्याची लहर साडेसात सेंटिमीटरांची. ती झेलण्यासाठी आठ ते बारा फुटी थाळी लागे. लोकांनी तिला 'छत्री' म्हटले, आणि तो शब्द मराठीत कायमचा रुजला. एखादा सधन माणूस आपल्या अंगणात छत्री उभारू शकत असे. तरीही घरोघर छत्र्या का झाल्या नाहीत? किंमत हे एक कारण, पण दुसरे कारण अधिक बोधक आहे. छत्रीखालचा रिसीव्हर एका वेळी एकच वाहिनी उलगडतो. घरात तीन टीव्ही असले तरी तिन्हींवर तीच वाहिनी दिसणार. बैठकीत कोणी वाहिनी बदलली की आतल्या खोलीतील आजीचा कार्यक्रमही बदलला! केबलवाल्याकडे मात्र प्रत्येक वाहिनीसाठी स्वतंत्र रिसीव्हर असे. प्रत्येकीला तो वेगळ्या क्रमांकावर बसवी आणि सर्व एकत्र करून एकाच तारेत सोडी. त्या तारेचे घरात कितीही फाटे करा, प्रत्येक टीव्ही आपल्याला हवे ते उचलून घेई. केबलवाल्याने छत्रीवर मात केली ती या एका सोयीच्या बळावर.

कुटुंबाच्या इतिहासातील निर्णायक वळण मला येथे दिसते. केबलच्या तारेने पहिल्यांदाच असे घडले की एका घरात, एका वेळी, दोन खोल्यांत दोन वेगळे कार्यक्रम विनासायास चालू शकले. बाजारातून आणलेली छोटी वाटप-डबी, काही मीटर तार, दोन-चार खिळे, एवढाच खर्च. घराच्या आशीर्वादासाठी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडत फिरताना धर्मगुरूला या तारा जितक्या दिसतात तितक्या क्वचितच दुसऱ्या कोणाला दिसत असतील. चौकटीवरून, वेदीच्या फळीखालून, कधी थेट क्रुसाच्या मागून त्या गेलेल्या असतात. तीन पाळ्यांच्या वसाहतीत तर दुसऱ्या संचाला सबळ कारणही होते. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी बैठकीलगत झोपलेला असताना मुलांनी आवाज कोठे करावा? म्हणून जुना, काळा-पांढरा संच आत गेला, नवा रंगीत बाहेर राहिला. सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट काही वर्षांत सवय झाली. सायंकाळच्या जपमाळेची वेळ आणि मालिकेची वेळ यांचा झगडा एक संच असताना उघड्यावर होता; आई उठून टीव्ही बंद करी आणि सर्वांना गुडघे टेकावे लागत. दोन संच झाल्यावर झगडा मिटला, कारण ज्याला यायचे तो आला, ज्याला नाही तो आतल्या खोलीत राहिला. मला तो झगडा बरा वाटतो.

योगायोग असा की केबल गावोगाव पसरत असतानाच, १९९४ च्या जागतिक संपर्कसाधन दिनासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी दूरचित्रवाणी आणि कुटुंब हाच विषय घेतला होता. टीव्हीला मुले सांभाळणारी दाई बनवणारे आईबाप आपली प्रथम शिक्षकाची जागा सोडून देतात, असे त्यांचे म्हणणे होते. संदेश योग्य होता. पण त्यात कुटुंबासमोर एकच पडदा गृहीत धरल्यासारखे मला वाटते. पडदे वाढल्यावर आईबाप कोणत्या खोलीत बसणार?

या फाट्यांनाही निसर्गाचे बंधन होतेच. दोन फाटे केले की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी शक्ती येते, चार केले की पाव. डबी स्वतः थोडेसे खाते ते वेगळेच. रस्त्याच्या शेवटच्या घरी आधीच क्षीण झालेली लहर पोहोचायची. तेथे तीन फाटे केले की तिन्ही खोल्यांत मुंग्या. यावरून भाऊबंदांत वाद झाल्याचे ऐकिवात आहे. वडिलोपार्जित जमिनीप्रमाणे येथेही वाटण्या करताना प्रत्येकाचा तुकडा लहान होत गेला. कायदा बराच उशिरा आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरील खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वर्षी केबल जाळ्यांचे नियमन करणारा अधिनियम झाला. केबलवाल्याने नोंदणी करायची ती पोस्टात. एकेकाळी संचाचा परवाना देणारे पोस्ट असे मागच्या दाराने परत आले. घराच्या आत तार कशी वाटावी याविषयी मात्र कायद्याला काही म्हणायचे नव्हते.

पुढची क्रांती लहान छत्रीने केली. लहरीची लांबी अडीच सेंटिमीटरांवर आली, उपग्रहाची शक्ती वाढली, आणि दोन-तीन फुटी थाळी खिडकीच्या सज्जावर मावू लागली. सरकारने १९९७ साली अशा थेट सेवेवर बंदी घातली होती. नोव्हेंबर २००० मध्ये ती उठवली. ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही, डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची निःशुल्क सेवा, २००६ साली टाटा स्काय अशी रांग लागली. डोंगराआडच्या गावांना ही सेवा विशेष मानवली, कारण केबलवाल्याची तार जेथे पोहोचत नव्हती अशा वाडीवरही आकाश पोहोचत होते. मात्र घरातील वाटपाच्या बाबतीत ती आपल्याला पुन्हा अंगणातल्या मोठ्या छत्रीच्या दिवसांत घेऊन गेली. एक पेटी, एक वाहिनी. जुन्या सवयीने लोकांनी छत्रीच्या तारेला डबी लावून दोन पेट्या जोडल्या, आणि चित्र कधी येई, कधी जाई. कारण असे की ही तार दुहेरी वाहतूक करते. वरून चित्र खाली येते, आणि खालून पेटी छत्रीच्या मुखाशी असलेल्या यंत्राला वीज पाठवते. लहरी उभ्या व आडव्या अशा दोन प्रकारे सोडलेल्या असतात. पेटीने १३ व्होल्ट पाठवले तर यंत्र उभ्या लहरी निवडते, १८ पाठवले तर आडव्या. बैठकीतील पेटीने १८ मागितले आणि आतल्या खोलीतील पेटीने १३, तर यंत्र १८ चे ऐकणार आणि आतल्या खोलीतील वाहिनी नाहीशी होणार. घरात ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते, त्यातलाच प्रकार! यावर उपाय म्हणजे दोन किंवा चार तोंडांचे यंत्र, आणि प्रत्येक पेटीसाठी छतावरून स्वतंत्र तार.

कोकणच्या पावसाने या लहान लहरीची वेगळीच परीक्षा घेतली. पाच मीटरांच्या लहरीला पावसाचे थेंब जाणवतही नसत. अडीच सेंटिमीटरांच्या लहरीला काही मिलिमीटरांचा थेंब चांगलाच अडवतो. जुलैत कुंडलिकेच्या खोऱ्यावर ढग उतरले की पडदा निळा होतो आणि संकेत मिळत नसल्याची सूचना येते. जुन्या पद्धतीत चित्र हळूहळू मावळे. मुंग्यांतूनही क्रिकेटची धावसंख्या वाचता येई. नव्या अंकीय पद्धतीत चित्र एक तर स्वच्छ असते, नाही तर मुळीच नसते. शेवटच्या क्षणी थोडे चौकोन फुटतात, इतकेच.

केबललाही हीच पेटी स्वीकारावी लागली. महानगरांत २०१२ पासून आणि शेवटच्या टप्प्यात, ३१ मार्च २०१७ पर्यंत, लहान शहरे व खेड्यांतही अंकीय प्रक्षेपण सक्तीचे झाले. वाहिन्या कुलूपबंद आल्या आणि प्रत्येक पडद्यासाठी वेगळी किल्ली लागू लागली. वीस वर्षे जी वाटणी घरमालकाने एका डबीने फुकट केली होती, तिचे आता मासिक बिल येऊ लागले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२० मध्ये असे ठरविले की एकाच घरातील दुसऱ्या आणि त्यापुढील संचासाठी घोषित नेटवर्क शुल्काच्या ४० टक्क्यांहून अधिक आकार घेऊ नये. घराच्या आतील तारेची दखल सरकारदरबारी घेतली गेली ती अशी, आकाराच्या रूपाने. अनेक कुटुंबांनी हिशेब केला आणि आतल्या खोलीतील संच बंद केला. पोपच्या संदेशाने जे साधले नाही ते बिलाने काही काळ साधले. परंतु तोवर मुलांच्या हाती मोबाइल आला होता, आणि त्याला भिंतीतील तारेची गरज नव्हती.

दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभेने संत क्लारा हिला निवडले, हे बहुतेकांस ठाऊक असेल. आजारपणामुळे १२५२ च्या नाताळच्या रात्री तिला चर्चमध्ये जाता आले नाही, आणि दूर चाललेली मिस्सा तिने अंथरुणावरून पाहिली व ऐकली, अशी परंपरा आहे. पोप पायस बारावे यांनी विसाव्या शतकाच्या पन्नाशीत तिला हा मान दिला तेव्हा धाटावला वीजही दूरची गोष्ट असेल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, चर्चची दारे बंद झाली आणि आपण सर्वच क्लारेच्या खोलीत जाऊन बसलो. २७ मार्च रोजी पोप फ्रान्सिस पावसात भिजणाऱ्या, ओस पडलेल्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहिले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोणी ते केबलवर पाहिले, कोणी छत्रीवर, पुष्कळांनी मोबाइलवर. त्यानंतरच्या कित्येक रविवारी, घरातील सर्वजण एकाच पडद्यापुढे बसावेत म्हणून मोबाइलमधील मिस्सा तारेने पुन्हा बैठकीतील टीव्हीला जोडून देण्याचे काम घरोघरच्या तरुण मुलांनी केले.

जमिनीवरून जुन्या पद्धतीने होणारे दूरदर्शनचे प्रक्षेपण २०२२ पर्यंत, मोजकी ठिकाणे वगळता, देशभर बंद झाले. दूरदर्शनची निःशुल्क उपग्रह सेवा मात्र आजही मासिक आकाराविना मिळते. तिचा उपग्रह ९३.५ अंशांवर आहे, म्हणजे धाटावच्या गच्चीवर छत्रीचे तोंड आग्नेयेस ठेवावे लागते. ज्यांना ती स्वतः बसवायची असेल त्यांनी नारळाच्या झावळ्या आड येत नाहीत ना, एवढे आधी पाहून घ्यावे. आणि दुसऱ्या खोलीत पेटी ठेवायची असल्यास छत्रीवर दोन तोंडांचे यंत्र मागून घ्यावे, तार पिळून जोडू नये.